अर्धी दाढी

माझं जिच्यावर प्रेम आहे, तिच्या वडिलांना सगळी गल्ली शेरीफ, म्हणजे काउबॉयच्या पिक्चरमधला फौजदार, म्हणते, आणि तेही तोंडावर, कारण त्यांना ते आवडतं. आयुष्यभर एका गोदामावर पहारा केला. तिथे चोर कधी फिरकलाच नाही, आणि त्याचं सगळं श्रेय ते स्वतःच्या डोळे बारीक करून बघण्याला देतात. घरातसुद्धा रुंद काठाची टोपी घालून बसतात. जगात त्यांना एकच पिक्चर पसंत आहे: घोडे, धूळ, पिस्तुलं आणि एक घुम्या हीरो. मुलीचा हात मागायला येणाऱ्याने तो पिक्चर पूर्ण बघायचा आणि बघताना चकार शब्द काढायचा नाही, ही त्यांची अट.

माझ्या आधी एक इंजिनिअर घोरला म्हणून बाद झाला. दुसऱ्याने मध्येच फोन घेतला.

आणि मी पडलो न्हावी. माझी कात्री आणि जीभ बरोबरच चालतात, एक थांबली की दुसरी अडते. मी जरा गप्प राहिलो तर गिऱ्हाईक विचारतं, घरी सगळं ठीक आहे ना? ती माझ्या शेजारच्या औषधांच्या दुकानात असते. भिंतीपलीकडून माझी बडबड ऐकून ती माझ्या प्रेमात पडली, असं मी समजतो. ती म्हणते, डोकेदुखीच्या गोळ्यांचा खप वाढला म्हणून मी चौकशीला आले होते.

"हे बघ, गंमत नाही," ती म्हणाली. "बाबा नाही म्हणाले तर मी त्यांना टाकून येणार नाही. पिक्चर संपेपर्यंत तेवढी जीभ आवर." हे ती हसत म्हणाली नाही, म्हणून मला घाम फुटला.

रविवारी दुपारी पडदे ओढले. शेरीफ आरामखुर्चीत, मी स्टुलावर, ती स्वयंपाकघराच्या दारात. पिक्चर सुरू झाला. लांबून एक माणूस घोड्यावरून येतो. येतो. येतच राहतो. तो गावात पोचेपर्यंत माझ्या पायाला मुंग्या आल्या. मग दारूचा गुत्ता. त्याचं दार असं, की वरून डोकं दिसतं, खालून पाय दिसतात आणि कडीचा पत्ता नाही. मग मारामाऱ्या होणार नाहीत तर काय? घोडा बिचारा बाहेर उन्हात, त्याला कोणी पाणी विचारत नाही. हे सगळं मी आतल्या आत गिळलं. तीन-चार वेळा तर ओठ हाताने धरून ठेवले.

आणि तेवढ्यात हीरो दाढी करायला गेला!

न्हाव्याचा उकिरडा उकरला तर केसच निघायचे. मी स्टुलाच्या कडेवर सरकलो. त्या न्हाव्याने चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा असा काही फिरवला की मी मनात शाबास म्हणालो. एक गाल झकास झाला. तोच तीन गुंड आत आले. हीरोने कापडाखालूनच गोळ्या झाडल्या, तिघे आडवे, आणि हा पठ्ठ्या फेस पुसून चालता झाला. अर्ध्या दाढीने!

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने खुर्चीवरून उठत नाही. माझ्या वस्तादांच्या दुकानाला एकदा आग लागली होती, तेव्हा त्यांनी गिऱ्हाईकाला रस्त्यावर आणून बंबाशेजारी बसवलं आणि दुसरा गाल पुरा केला. इथे तर साध्या गोळ्याच सुटल्या होत्या. तरी मी गप्प राहिलो. पण पुढच्याच प्रसंगात, त्याच संध्याकाळी, बाई हीरोच्या गालावरून हात फिरवते, आणि बघतो तर दोन्ही गालांवर सारखे खुंट!

"अहो, पण केलेला गाल गेला कुठे?" मी ओरडलो.

तिने कपाळावर हात मारला. शेरीफनी पिक्चर थांबवला, डोळे बारीक केले आणि माझ्याकडे बघितलं.

"गेलास," ते म्हणाले.

मी उठायला लागलो. "बस. पिक्चर संपल्यावर जा," ते म्हणाले आणि पिक्चर पुन्हा सुरू केला.

आता हरलोच आहे, तर जीभ कशाला आवरायची? मी सुटलो. घोड्याला पाणी द्या म्हणालो, दाराला कडी लावा म्हणालो. शेवटी हीरो आणि खलनायक भर रस्त्यात एकमेकांकडे टक लावून उभे राहिले, ते राहिलेच. "अहो, गोळी तरी घाला, नाहीतर घरी तरी जा! लोकांची कामं खोळंबलीत!" दारातून हसू दाबल्याचा आवाज आला. शेरीफ नुसते "हं" म्हणत होते.

खलनायक मेला. गाव वाचलं. बाई हीरोला म्हणाली, थांब. त्याने टोपीला बोट लावलं, घोड्यावर बसला आणि मावळत्या सूर्याकडे निघाला.

मला खरोखर राग आला. "गाढव आहे हा! बाई दारात उभी आहे, घर आहे, चूल पेटलेली आहे, मागे कोणी लागलेलं नाही. मग निघाला कुठे? आता रात्री जेवणार कोणाबरोबर, घोड्याबरोबर?"

पडदा काळा झाला. शेरीफनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोक्यावर केस जवळजवळ नव्हतेच.

"हिची आई हेच म्हणायची," ते म्हणाले. "दर वेळी. अगदी याच ठिकाणी. गाढव आहे, म्हणायची."

ती दारातून पुढे आली.

"ती गेल्यापासून मला पिक्चरमध्ये कोणाचा आवाज सहन होत नाही. म्हणून सगळ्यांना गप्प बसवतो. बसतात बिचारे. मग पिक्चर संपतो आणि मला वाटतं, आपल्याला कोणी काही सांगितलंच नाही." त्यांनी टोपीची कड बोटांनी सरळ केली. "लग्न करा तुम्ही. पण राहायचं इथेच. मलाही एकट्याला जेवण जात नाही."

मी हो म्हणायला तोंड उघडलं, तर ती आधीच हो म्हणून बसली होती.