मालकाची सही

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मासळी विकायला बसलं की गिऱ्हाईक मासा ताजा आहे का ते कल्ला उचलून बघतं आणि आपण त्याचा चेहरा बघत बसतो. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस दुसरं काय होणार? पण सदा भावजींवर मी कधी संशय घेतला नव्हता. ते माझे धाकटे दीर. आमची होडी तेच चालवतात आणि हिश्श्याची मासळी न बोलता माझ्या दारात आणून टाकतात.

या महिन्यात मात्र ते दोनदा अलिबागला गेले. अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. विचारलं तर म्हणाले, "सोसायटीचं काम हाय, वयनी." मच्छीमार सोसायटीचं ऑफिस आमच्याच बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला लागून आहे. मला काय कुकुलं बाळ समजतात?

त्यात शेजारची नूतन येऊन कानाशी लागली. "केसर, तुज्या दिरानं होडीचा फोटो काढून घेतला. नंबराच्या बाजूनं. इकायची हाय का?"

मी हसण्यावारी नेलं, पण ती गेल्यावर पत्र्याची पेटी उघडली. नवऱ्याचं आधार कार्ड जागेवर नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवरा माझा हरेश्वर. आठ वर्षांपूर्वी जाळं ओढताना होडीवरून पडला. होडी परत आली, खलाशी आले, तो आला नाही. काही म्हणजे काहीच हाती लागलं नाही. सात वर्षं बेपत्ता असलेला माणूस कायद्यानं मेला धरतात, म्हणून तेवढी झाल्यावर सगळे मागे लागले, आता मयतीचा दाखला काढ, होडी तुझ्या नावावर कर. मी एकेकाला दारातूनच वाटेला लावलं. जो दाखल्याचं नाव काढेल त्याचा होडीवर डोळा आहे, हे मी पक्कं धरलं होतं. आमच्यात लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, तिच्या नवऱ्याला सांभाळ म्हणून. तेव्हापासून माझ्या डाव्या हातात चुडा आणि उजवा रिकामा. मी दिलंय, तर त्यानं पाळावं. साऱ्या जगावर संशय घेणारी मी, एका दर्यावर तेवढा घेतला नाही.

आणि होडीचं लायसन? ते हरेश्वरच्याच नावावर होतं. दरवर्षी ते नवं करावं लागतं, नाहीतर डिझेल मिळत नाही आणि गस्तवाले पकडतात, असं सगळे सांगायचे. मी आठ वर्षांत एका कागदाला हात लावला नाही, तरी डिझेल आलं आणि कोणी हटकलंही नाही. बंदरावर मी टेचात सांगायची, "सगला बाऊ हाय. इचारतंय कोन?" माझं ऐकून दोघी-तिघींनी आपापल्या नवऱ्यांना अलिबागचा हेलपाटा घालू दिला नाही.

सोमवारी भावजी पुन्हा निघाले. लेकीला, प्राप्तीला, घर सांभाळायला सांगून मी त्याच एसटीत मागे लपून बसले. ते गेले थेट मासळी खात्याच्या ऑफिसात. मी दाराआड उभी राहिले.

टेबलामागच्या बाईंनी फाईल उघडली. वरच होडीचा फोटो आणि हरेश्वरचं आधार कार्ड. "होडीचे मालक हरेश्वर. तुम्हीच ना?"

"व्हय," भावजी म्हणाले. "मीच."

ज्याला घरचा म्हणून पानात वाढलं, तो भर ऑफिसात माझ्या नवऱ्याचं नाव लावून उभा होता.

"अंगठा ठेवा मशीनवर. यंदापासून मालकाचा अंगठा लागतो."

मशीननं लाल दिवा दाखवला. भावजींनी अंगठा शर्टाला पुसला, पुन्हा ठेवला. पुन्हा लाल.

"जुळत नाही हो."

"जाली वडून अंगठं झिजलंत, बाई."

मी आत घुसले. "खोटं बोलतोय ह्यो. ह्यो हरेश्वर न्हाय. हरेश्वर माजा नवरा हाय. ह्यो त्याचा भाव, होडी गिलाया बसलाय."

भावजींनी वळून पाहिलं आणि मान खाली घातली. बाईंनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "मग हरेश्वर कुठे आहेत?"

आठ वर्षांत हा प्रश्न मला असा सरळ कोणी विचारला नव्हता.

बाई फाईलची पानं उलटू लागल्या. दर वर्षाचा एक अर्ज, खाली मालकाची सही. हरेश्वर, हरेश्वर, हरेश्वर. आठ सह्या. माझा नवरा सही झोकात करायचा, खाली एक रेघ ओढून. या सह्या थरथरत्या, वाकड्या होत्या.

भावजी माझ्याकडे सरकून हळूच म्हणाले, "दादा गेला म्हनलं का तुमी पेटून उठताव. म्हनून मीच सही करीत गेलो, वयनी. होडी चालली पायजे, आनि तुमाला काय सांगाया नको."

आठ वर्षं लायसनचं मला कोणी का विचारलं नाही, ते आत्ता कळलं. लाजेनं माझा जीव अर्धा झाला.

"या सह्या कोणी केल्या?" बाईंचा आवाज बदलला. "हा गुन्हा आहे. मला वर कळवावं लागेल."

भावजींनी तोंड उघडलं, पण मी त्यांना बोलू दिलं नाही.

"मी केल्या," मी म्हणाले. "माजा नवरा आठ वरसामागं दर्यात गेला. तो मेला. मला दाखला काडवला न्हाय, म्हनून मीच त्याच्या नावानं सह्या करून ह्यांच्या हाती कागद धाडले. ह्यांचा काय दोष न्हाय."

'मेला' हा शब्द माझ्याच तोंडून आला होता. भावजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "आत्ता बोललात ते लिहून द्या. दाखला काढा आणि होडी तुमच्या नावावर करायचा अर्ज करा. आणि नवऱ्याच्या नावाआधी कै. लिहा."

मी रिकाम्या उजव्या हातात पेन धरलं. 'कै.' लिहिलं, मग 'हरेश्वर'. हात इतका कापत होता की अक्षरं वाकडी होऊन ओळ सोडून खाली गेली.

बाईंनी माझा कागद फाईलमधल्या सह्यांशेजारी ठेवला. एकेका सहीशी ताडून बघितला.

"जुळतंय," त्या म्हणाल्या आणि फाईल मिटली.