नाव गुप्त

"मावशी, हात जरा उजेडात धरा ना. सालटी निघालेली दिसू देत."

मुलींच्या संडासाच्या दारात नववीतली चष्मिस फोन घेऊन उभी होती. मावशीनं हात पुढे केले. सोळा वर्षं शाळेचे संडास धुतले, पण हातांचा फोटो काढावासा कुणाला वाटला नव्हता!

"खरं खरं सांगा हं. हा आमचा आम्ही निवडलेला विषय आहे. सफाई कामगारांचं आरोग्य. तुमचं नाव गुप्त राहील."

"काय सांगू? हातमोजे मागून मागून तोंड दुखलं. अ‍ॅसिड उघड्या हातांनी टाकते. खोकला तर बघतेच आहेस तू."

इतकं कुणी कधी विचारलंच नव्हतं हो. म्हणून मावशी बोलत सुटली. ठेकेदाराकडची रोजंदारी सुटून या वर्षी शाळेच्या नोकरीत कायम व्हायचं होतं, मुख्याध्यापिकाबाईंनी तोंडभरून कबूल केलं होतं, हे ती तेवढा वेळ विसरूनच गेली.

शाळेच्या प्रदर्शनात मुलींचा तक्ता झकास झाला. मुलींनी शब्द पाळला होता. खाली फक्त लिहिलं होतं, 'आमच्या शाळेतील एक सफाई कामगार.' आता आख्ख्या शाळेत सफाईला बाई होती एकच, पण एवढा विचार कोण करतो! परीक्षकांनी पाठ थोपटली, पहिलं बक्षीस दिलं आणि जाता जाता मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, "हातमोजे का देत नाही?" बाईंचा चेहरा पडला.

दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराचा फोन आला.

"उद्यापासून येऊ नका."

"अहो, पण माझी चूक काय?"

"तोंड आवरायला काय झालं होतं तुम्हांला?"

ती हातातल्या बादलीसकट ऑफिसात धावली. मुख्याध्यापिकाबाईंनी हात वर केले. "ते ठेकेदाराचं काम, मावशी. आमच्या हातात काय आहे?" मावशी खूप रडली. मग बादली जागेवर ठेवून घरी आली.

आठ महिन्यांनी चष्मिस पत्ता शोधत दारात हजर.

"मावशी! यंदा आमचा विषय बेकारी आहे. पहिला प्रश्न, काम कशामुळे सुटलं? मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, तुम्हांलाच झेपत नव्हतं."

खरं अगदी जिभेवर आलं होतं. तळतळाट होत होता नुसता. तुझ्या त्या तक्त्यानं माझं वाटोळं केलं गं बाई! पण पोर घामाघूम होऊन, केवढ्या विश्वासानं पेन धरून बसली होती.

"हो, झेपत नव्हतं. लिही तसंच."

"बरं. आता दिवसभर काय करता?"

मावशी काही बोलण्याआधीच, कंबर धरून खाटेवर पडलेला नवरा भिंतीकडे तोंड करून खेकसला, "काय करणार? फोन उशाशी घेऊन बसते. शाळेतून परत बोलावतील म्हणे!"

चष्मिसनं मान वर करून मावशीकडे पाहिलं. मावशी चहाचं आधण ठेवायला आत वळली होती. पोरीनं कागदावर छापलेल्या पर्यायांवरून बोट फिरवलं. घरकाम, शिवणकाम, आजारपण. यातलं कुठलंच बसत नव्हतं. तिनं 'इतर'पुढे खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.