राणीचा नववा

राणी मेल्याची वर्दी आली तेव्हा आम्ही एनॉसबाबाच्या शेतात सावडीनं कोनफळं काढत होतो. उत्तरेचा वारा सुटला होता, पावसाची भुरभुर चालू होती आणि तांबडी माती कुदळीला अशी चिकटत होती, की दर दोन घावांनी ती पायानं खरवडावी लागे. टपालवाला खेचरावरून बांधापर्यंत आला, टोपी काढली आणि म्हणाला, "खणायचं थांबवा रं. व्हिक्टोरिया राणी गेली."

एनॉसबाबा होता तिथंच मटकन बसला. आमच्या प्रार्थनाघराचा हा वडीलधारा माणूस. आमच्या बेटावर गुलामी संपली त्या दिवशी त्याची आई त्याला पाठीशी बांधून नाचली होती, एवढा जुना. मातीचे हात तोंडाला लावून तो रडायला लागला.

"माय गेली रं आपली! पोरकं झालो!"

"तुझी आसंल माय," फीबामावशी म्हणाली. तिची कुदळ थांबली नव्हती. "माझी माय ऊस तोडता तोडता मेली. तिला कुणी टोपी न्हाई काढली."

"फीबे, जिभेला काही हाड? राणीबाईनं आपल्या बेड्या तोडल्या."

"आन पासष्ट साली आपल्या मानसांना फास कुणी वळला?"

"त्यो हितल्या साहेबांनी. तिच्या कानावर जाऊच दिलं न्हाई त्यांनी. तिला कळलं आसतं, तर..."

"कळलं व्हतं की! जमीन पडून हाय, खंडानं द्या, लेकरं उपाशी हाईत, आसा अर्ज धाडला व्हता लोकांनी. आन तिच्याकडनं काय आलं? सल्ला! म्हनं, साहेबाच्या मळ्यावर मन लावून राबा, समदं बरं हुईल."

हे खरं होतं. तेव्हापासून आमच्या डोंगरात कुणी भाकर मागायला गेला आणि उपदेश घेऊन परत आला, की लोक म्हणतात, मिळाला का राणीचा सल्ला? पण हे बोलायची एक वेळ असते. मी मध्ये पडलो.

"मावशी, मेलेल्या मानसाचं वाईट बोलू नये."

"मग जिवंत हुती तवा ती भेटली न्हाई मला," मावशी म्हणाली, आणि एक भलं मोठं कोनफळ उपटून माझ्या पायाशी टाकलं.

मी सायलस. पेनरोज साहेबाच्या मळ्यावर मुकादम. साहेबाचं बोलणं लोकांना आणि लोकांचं साहेबाला, अशी माझी दोन तोंडांची नोकरी. लोक मला नावं ठेवतात आणि अडलं की माझ्याचकडे येतात. मावशी मात्र माझ्या तोंडावर बोलायची. ते मला चालायचं, कारण तिचं दुःख मला ठाऊक होतं.

अठराशे पासष्ट साली खाली कचेरीवर दंगा झाला. काही साहेब मेले, आमची त्याहून जास्त. मग पलटण डोंगरात आली आणि घरं जाळत सुटली. मावशीचा नवरा क्वाको त्या दिवशी आपलं छप्पर शाकारत होता, दंग्याच्या वाऱ्यालाही उभा नव्हता. पलटणीबरोबर पेनरोज होता, तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. आदल्या हंगामात क्वाकोनं त्याचा घोडा आपल्या मक्यातून हाकलला होता, एवढंच काय ते वैर. पेनरोजनं छपराकडे बोट केलं आणि म्हणाला, "हाही होता." क्वाकोला खाली ओढला. त्याला आणि आणखी काही जणांना आमराईत टांगलं आणि सावरीच्या मोठ्या झाडाखाली चर खणून त्यात लोटलं. रडायची बंदी होती. जी बाई रडली तिच्या पाठीवर तार गुंफलेला चाबूक. मावशी रडली नाही. दिवस गेले होते म्हणून नाही रडली. तरीही पोर जगलं नाहीच.

आमच्यात माणूस गेला की नवव्या दिवशी त्याला निरोप देतात. ढोल वाजतो, लोक रडतात, खातात-पितात आणि मग ज्यानं त्यानं मेलेल्याची माफी मागायची. मेलेल्याच्या घरची बाई त्याच्या वतीनं म्हणते, "दिली." मग तो सुटतो आणि मागणाराही सुटतो. सावरीखालच्या माणसांचा नववा झालाच नाही. पेनरोजनं बापाच्या मागं मळा घेतला, सावरीभोवती कुंपण घातलं आणि गुरं सोडली. आता केळी बोटीनं परदेशी धाडायचा जमाना आला होता. महिन्याभरात त्या कोपऱ्यात केळीचे खड्डे पाडायचे, असा हुकूम त्यानं मलाच दिला होता. मावशीला हे कळल्यापासून ती माझ्याशी धड बोलत नव्हती. "माझ्या नवऱ्याच्या छाताडात केळ लावतोस व्हय रं, सायलस?" एवढंच एकदा म्हणाली होती.

बातमीच्या चौथ्या दिवशी साहेबानं मला ओसरीवर बोलावलं. दंडाला काळी फीत, डोळे लाल. खरोखरच रडला होता.

"सायलस, खालच्या मळ्यावर लोकांनी राणीसाठी मोठा शोक केला म्हणे. वर्तमानपत्रात छापून आलंय. आपले लोक काय करणार?"

"आमचे लोक लई दुःखात हायेत, साहेब," मी म्हणालो. मुकादमाला असं बोलावंच लागतं.

"मग ते दिसलं पाहिजे. तुमच्यात काय रीत असते?"

माझ्या मनात त्या क्षणी काही नव्हतं, आईची आण. मी नवव्याची रीत सांगितली. ढोल म्हटल्यावर त्याच्या कपाळाला आठी पडली, कारण मळ्यावर ढोलाला बंदी होती. मग म्हणाला, "दिवसाउजेडी असेल तर वाजवा. रम, कॉफी, खारी मासळी, पाव, सगळं माझ्याकडून. मीही येईन."

ओसरीवरून उतरताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी वळलो.

"साहेब, एक हाय. नववा सावरीखाली करत्यात. आत्मे तिथं जमत्यात, आसं आमचे जुने लोक मानत्यात."

"मग तिथं करा. कुंपण काढून घे."

मी धावतच मावशीच्या झोपडीत गेलो. ती चुलीपाशी बसून काळवंडलेल्या मडक्यात खोबरं ढवळत होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग हसायला लागली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते काही चांगलं दिसलं नाही.

"त्यो सवता येनार?"

"येतो म्हणालाय."

"टोपी काढंल?"

"राणीसाठी? काढणार की."

"मग माफी बी मागंल," मावशी म्हणाली. "त्याच जागंवर, गुडघ्यावर. सायलस, तेवढं कर माझं. मग खुशाल मरंन मी."

एनॉसबाबाला कळलं तेव्हा तो उसळला. "मेलेल्या बाईच्या नावावर ढोंग करताय? देव बघतोय!"

"मग देवाला इचार, पासष्टला कुठं बघत हुतास," मावशी म्हणाली.

बाबा काठी आपटत गेला. संध्याकाळी परत आला आणि माझ्या दारात उभा राहिला. त्याचा थोरला भाऊही त्या चरात होता, हे तो फारसं बोलत नसे. "मी राणीसाठीच रडनार," तो म्हणाला. "तुमी तुमच्या मानसांसाठी रडा. पर एक सांगून ठेवतो. माफी मागितली तर ती द्यावी लागतीया. न्हाई दिली तर मेलेला मागनाऱ्याच्या मानगुटीवर बसतो. फीबाला सांग, हा खेळ न्हवं."

मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "मागू तर दे. त्याला आठवलं, लाज वाटली, तर दीन बी."

नवव्या दिवशी अख्खी वाडी सावरीखाली लोटली. धुतलेली पांढरी कापडं सगळ्यांच्या अंगावर, आणि जमीन पावसानं चिंब. साहेबाच्या स्वैपाक्यानं रमचं पिंप आणून ठेवलं. रीत म्हणून पहिली धार जमिनीला द्यायची, ती मावशीनं दिली, आणि अशी सढळ दिली की स्वैपाकी कळवळून ओरडला, "अगं बाई, प्यायला ठेव की!"

"खाली लई जन हायेत, बाबा," ती म्हणाली. "लई दिसांचे तहानेले."

ढोल सुरू झाला. एवढ्या वर्षांत त्या मातीनं तो ऐकला नव्हता. लोक आधी जरा चाचरत रडले. मग कुणीतरी मोठ्यानं हंबरडा फोडला आणि सगळ्यांचेच बांध फुटले. म्हाताऱ्या बाया चिखलात लोळल्या. मी अनेक मयती पाहिल्यात, पण असं रडणं ऐकलं नव्हतं. साहेब खुर्चीवरून उठून उभाच राहिला. रुमाल डोळ्यांना लावून मला म्हणाला, "किती प्रेम आहे या लोकांचं तिच्यावर! खालच्या मळ्यावाल्यानं हे बघायला हवं होतं."

मावशी सावरीच्या बुंध्याशी गेली आणि हाका मारायला लागली. आमच्या जुन्या लोकांची आफ्रिकेतून आलेली एक बोली आहे. साहेबाला तिचं अक्षर कळत नाही. प्रत्येकाला त्या बोलीतलं एक घरचं नाव असतं. ती चरातल्या एकेकाला त्या नावानं हाक मारी, आणि त्याच्या घरचे लोक "आलो" म्हणून उत्तर देत.

"ही कुणाला बोलावते आहे?" साहेबानं विचारलं.

"राणीलाच, साहेब. मोठ्या मानसाला नावं बी लई आसत्यात."

"खरं आहे," साहेब मान हलवत म्हणाला. "राणीला बरीच नावं होती."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एनॉसबाबाला ठसका लागला. हसू होतं की रडू, मला अजून कळलेलं नाही. भावाच्या नावाची हाक आली तेव्हा मात्र त्यानं "आलो" म्हटलं, आणि सगळ्यात मोठ्यानं म्हटलं.

मग माफीची वेळ आली. एकेक जण चरावर येऊन गुडघे टेकायचा, मागायचा, मावशी "दिली" म्हणायची. सगळे झाले. मावशीनं साहेबाकडे पाहिलं आणि म्हणाली, "धनी ऱ्हायले."

"मी?" साहेब गोंधळला. "मी राणीचं काय वाकडं केलंय?"

"रीत हाय, साहेब," मी म्हणालो. "मानूस म्हनल्यावर चुकतोच. थोर मानसानं मागितली तर जाणारीला जास्त मान."

त्यानं भोवती पाहिलं. सगळी वाडी त्याच्याकडे बघत होती. त्यानं टोपी माझ्या हातात दिली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन एकेक गुडघा त्या चिखलात टेकला. जाड माणूस, त्याला धाप लागली. ढोल थांबला.

"मी म्हंते तसं म्हना," मावशी समोर उभी राहून म्हणाली. "हातानं काही केलं आसंल, तोंडानं काही केलं आसंल..."

"हातानं काही केलं असेल, तोंडानं काही केलं असेल..."

"बोटानं काही केलं आसंल..."

साहेब अडखळला. मान वर करून त्यानं मावशीकडे पाहिलं. याला आठवलं, असं मला वाटलं. आता हा उठणार, आणि आपल्या सगळ्यांचं कंबरडं मोडणार. मावशी त्याच्या डोळ्यांत बघत होती. ती वाटच बघत होती, त्याला आठवण्याची. तेवढं एक जरी त्याच्या तोंडावर उमटलं असतं, तर तिनं दिली असती. मी शपथेवर सांगतो, दिली असती.

साहेब माझ्याकडे वळून म्हणाला, "बोटानं? हे काय विचित्र?"

"जुने शब्द हायेत, साहेब."

"बरं," तो म्हणाला, आणि निमूटपणे पुढचं म्हणाला. "बोटानं काही केलं असेल, तर माफ कर."

त्याला आठवतच नव्हतं. छपरावरचा माणूस, घोडा, मका, काहीच नाही. मावशीच्या तोंडावरचा एकेक स्नायू ताठ होत गेला. ती वाकली, त्याच्या कानाजवळ तोंड नेलं आणि जुन्या बोलीत, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "नाही दिली."

लोक दोन पावलं मागं सरले.

"काय म्हणाली?" साहेबानं विचारलं.

"म्हणाली, ऐकलं म्हणून," मी म्हणालो.

मी त्याला काखेत हात घालून उठवलं. त्याच्या दोन्ही गुडघ्यांना आमच्या माणसांची तांबडी माती लागली होती. ती झटकायला मी वाकलो नाही, मुकादम असूनही. त्यानं डोळे पुसले, टोपी घातली आणि जाता जाता म्हणाला, "सायलस, या कोपऱ्यात केळी लावू नकोस. ही जागा राणीच्या नावानं राहू दे."

घोड्याच्या टापा उताराला लागल्या तसा एनॉसबाबा मावशीवर धावला. "फीबे, काय केलंस! त्यानं मागितली व्हती! मागितल्यावर द्यावी लागतीया!"

मावशी चरावर बसली होती. पदर तोंडाला लावून रडत होती, खांदे गदगदत होते. एवढ्या वर्षांचं साठलेलं सगळं. रडता रडताच तिनं मान वर केली.

"मागितली कुणाला त्यानं? राणीला. तिच्याकडनंच घे म्हनावं," ती म्हणाली. "माझ्या क्वाकोकडं अजून कुठं मागितलीया?"