ठोक्याआधीची फुसफुस

अकोल्याच्या जठारपेठेतल्या जेबाच्या दुकानात जुन्या कॅसेटी यायच्या आणि सीडी होऊन जायच्या. लग्नाच्या, कव्वालीच्या, कुणाच्या गेलेल्या आईच्या. २००६ साली तिला मोठं काम मिळालं. अमरावतीच्या एका संस्थेनं कापसाच्या मुलखातले आवाज गोळा केले होते. शेती कोसळत होती, माणसं गावं सोडत होती. संस्थेचे भगवंतराव म्हणायचे, निदान आवाज तरी राहू द्या. तीनशे कॅसेटींचे एमपीथ्री करायचे होते.

दीडशे झाल्या, तेव्हा संस्थेचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या श्रेयसनं आवाजाची फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती पाठवली. फाइल तेवढीच, आवाज आणखी चांगला, असं त्याचं म्हणणं.

नव्या आवृत्तीत जेबानं पहिली कॅसेट केली ती पिंजाऱ्याची. धनुकलीच्या, म्हणजे कापूस पिंजायच्या धनुष्याच्या, तातेवर लाकडी ठोका पडतो, टण्‌कन तात वाजते, कापूस उडतो. ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठी पडली. ठोका पडायच्या आधीच बारीकशी फुसफुस येत होती. तिनं मूळ कॅसेट लावली. स्वच्छ. तीच कॅसेट जुन्या आवृत्तीत करून लावली. तीही जवळजवळ स्वच्छ. पुन्हा नवी लावली. फुस्‌-टण्‌. फुस्‌-टण्‌.

तिनं अमरावतीला श्रेयसला फोन केला.

"सर, नवीनवालं खराब हाय. ठोक्याच्या आधी आवाज येऊन राहिला."

"नवी आवृत्ती जुनीपेक्षा खराब कशी असेल, ताई? कॅसेटची खरखर असेल."

"कॅसेटची खरखर मले कळते."

"तुमच्या वडिलांचीच कॅसेट ना ती? म्हणून तसं वाटत असेल."

कॅसेट वडिलांचीच होती. अब्दुल रहीम चाळीस वर्षं कापूस पिंजत होते. फोमच्या गाद्या आल्या आणि धनुकली खुंटीला लागली. पण श्रेयसचं बोलणं जेबाला झोंबलं. संध्याकाळी तिनं नवी फाइल लावून अब्बांच्या कानाला हेडफोन लावला. ते क्षणभर ऐकून म्हणाले, "हे मी नाही. हा कोनी ढिल्या हाताचा मानूस हाय."

दुसऱ्या दिवशी जेबानं श्रेयसला सांगितलं, "कोनती ते न सांगता वाजवा. मी ओळखून दाखवीन."

ती एसटीनं अमरावतीला गेली. भगवंतरावांनी नियम ठरवून दिला. ते नाणं उडवणार, छापा पडला तर श्रेयस जुनी फाइल लावणार, काटा पडला तर नवी. जेबानं पाठ फिरवून बसायचं. बारा वेळा ठोके, मग चार वेळा बोलणं.

"अंदाजानं निम्मी उत्तरं कुणाचीही बरोबर येतात," श्रेयस म्हणाला.

"मंग निम्म्यावर थांबनार नाही मी."

ठोक्यांची बाराच्या बारा उत्तरं बरोबर आली. बोलणं लावलं तेव्हा तिनं स्वतःहून हात वर केला. "हे मले ओळखता येत नाही. बोलन्यात नवीनवालं बरंच हाय."

श्रेयसनं हेडफोन घेतला. दोनदा ऐकून त्यानं नकारार्थी मान हलवली.

"ठोका नका ऐकू," जेबा म्हणाली. "त्याच्या आधीची शांतता ऐका."

तिसऱ्या खेपेला त्याचा चेहरा पडला. "आहे खरं. पण ताई, इतकं बारीक कोण ऐकणार?"

"ज्यानं ते काम केलं, तो ऐकीन! गावात धनुकली राह्यली नाही, पिंजारी राह्यला नाही. राह्यला हा आवाज. तोबी खराब करून ठेवायचा? ठोक्याच्या कॅसेटी मी नव्यात करनार नाही. पाह्यजे तं काम दुसऱ्याले द्या."

मग भगवंतराव म्हणाले, "काम तूच करशील, जेबा. ठोक्याचं जुन्यात, बोलण्याचं नव्यात."

श्रेयसनं मात्र पुढचं मनापासून केलं. पिंजाऱ्याचा तुकडा त्यानं प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ईमेलनं पाठवला. दीड महिन्यानं उत्तर आलं. चूक खरी होती. दुरुस्त केलेली आवृत्ती सोबत होती.

"आता बिनधास्त वापरा, ताई," त्यानं फोनवर सांगितलं.

"आधी मले ऐकू द्या."

तिनं दोन दिवस ऐकलं. फुसफुस गेली होती. मग तिनं अब्बांची कॅसेट पुन्हा केली. संस्थेच्या यादीत त्या फाइलचं नाव होतं 'एक पिंजारी, अकोला'. जेबानं ते खोडलं आणि कुणालाही न विचारता लिहिलं, 'अब्दुल रहीम, अकोला'.