सुनंदाच्या वेणीचं दर्शन

कांदिवलीच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये रांग लागली होती ती सुनंदा परबच्या वेणीच्या दर्शनाला. एकेक बाई पुढे येई, वेणी हळूच ओढून खात्री करी आणि ‘जय जटानाथ’ म्हणे.

“हळू गं! कॅन्सरनं ठेवलेत ते तुमच्या भक्तीनं जातील!” सुनंदा कळवळली.

केमोच्या चार सलाईन होऊनही केस असे, की दहिसरपर्यंतच्या कंगव्यांना हेवा वाटावा.

“माऊली,” तेलाच्या बाटल्यांमागून जटानाथ महाराज गरजले, “हिमालयातल्या अस्वलानं स्वप्नात येऊन या तेलाची कृती सांगितली! रोग मुळासकट गेला. सोमवारची सलाईन बंद!”

सुनंदाला हेच हवं होतं. सलाईननंतर तळहातांची अशी आग होई, सालं निघत, की तांदळाची भाकरी थापणंच सुटलं होतं.

पुढे बसलेल्या श्वेताच्या डोक्याला स्कार्फ होता. तिलाही कॅन्सरच. “महाराज, तेल मीही लावलं. माझे का गेले?”

“श्रद्धा पातळ, बेटी.”

श्वेतानं मान खाली घातली. तेवढ्यात सुनंदाची नणंद पद्मजा उठली. केमिस्ट्री शिकवण्यात जन्म गेलेला.

“वहिनी, तेल कधीपासून लावतेस?”

“तिसऱ्या सलाईननंतर.”

“मग तोवर केस कुणी धरून ठेवले होते?”

“आशीर्वाद आगाऊ निघाला होता!” महाराज.

“कुरियरनं?”

हॉल खदखदला.

“डॉक्टरांना विचारलंय मी,” पद्मजा म्हणाली. “तुझं औषध चरबीच्या अतिसूक्ष्म पुड्यांत भरलेलं असतं, मोदकात सारण असतं ना, तसं. वरून असं आवरण, की रक्तातले पहारेकरी चटकन ओळखत नाहीत. म्हणून पुड्या कितीतरी दिवस फिरत राहतात. गाठीतल्या रक्तवाहिन्यांची शिवण उसवलेली, तिथून आत झिरपतात. केसांच्या मुळाशी शिवण घट्ट, तिथं औषध कमी पोचतं. म्हणून केस बहुधा टिकतात.”

“आणि हे हात?”

“तिथंही थोडं झिरपतं. डॉक्टरांना सांग, ते मात्रा कमी करतील, अंतर वाढवतील. अस्वलाला कशाला विचारतेस?”

महाराज बाटल्या पिशवीत भरू लागले. सुनंदा श्वेताजवळ जाऊन बसली.

“पोरी, तुझी श्रद्धा-बिद्धा काही पातळ नाही. तुझं औषध वेगळं, एवढंच. पुढची सलाईन कधी?”

“बुधवारी होती.” श्वेता कुजबुजली. “गेले नाही मी. महाराज म्हणाले, आधी श्रद्धा.”

सुनंदानं सोललेल्या तळहातांत तिचा हात धरला.

“उद्या सकाळी दोघी डॉक्टरांकडे जाऊ. आणि बायांनो, चमत्कार दिसला की नमस्कार करायच्या आधी विचारा : हे केव्हापासून, आणि तेच करूनही गुण न आलेलं कुणी आहे का? लाज वाटली तरी विचारा. विचारलं नाही, म्हणून हिचा बुधवार गेला.”