लेकरांच्या घराचे फाटक

मित्रांनो, ज्याला तुम्ही लोटून आत येता आणि आत आल्यावर लगेच विसरता, ते एक जुने लाकडी फाटक म्हणजे मी. माझा रंग कधीच उडाला. खालचे लाकूड कुजले आहे आणि उघडताना मी कण्हते. पण एके काळी मला पाहायला पंचायत समितीचे साहेब जीपमधून आले होते. एका बाईंचे लेकरांनी भरलेले घर चालू राहणार की बंद होणार, हे तेव्हा माझ्यावर येऊन ठेपले होते. तीच हकिगत आज सांगते.

फाटक होण्याआधी मी खाचर होते, म्हणजे धान वाहायची बैलगाडी. लाखनीच्या पुंडलिकरावांनी मला पुष्कळ वर्षे हाकले. पुढे ते धानाच्या गिरणीत कामाला लागले, बैल गेले आणि मी अंगणातल्या चिंचेला टेकून राहिले. माझ्या आडोशाला कोंबड्या अंडी घालू लागल्या. आपले आयुष्य संपले असेच मला वाटत होते.

पुंडलिकरावांच्या पत्नी सत्यभामाबाई. त्यांच्या मुली आसगाव-कोंढ्याकडे सासरी गेल्या होत्या. रोवणीच्या दिवसांत सत्यभामाबाई इतर बायांबरोबर चिखलात उतरून धानाची रोपे लावायला जात. बाया आपली तान्ही लेकरे बरोबर आणत आणि बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, छत्रीखाली निजवत. एका पावसाळ्यात रुखमाची तान्ही मुलगी चंद्रकला धुऱ्यावरून घसरली आणि बांधीतल्या पाण्यात पडली. वेळेवर उचलली म्हणून वाचली. रुखमा तिला छातीशी धरून बसली. थोड्या वेळाने उठली आणि पुन्हा रोवणीला लागली, कारण काम सोडून तिला चालणार नव्हते.

ते पाहून सत्यभामाबाई म्हणाल्या, "उद्यापासून तुही पोट्टी माह्या घरी ठेव. मी नाई येत आता रोवणीले."

अशी सुरुवात झाली. चंद्रकला आली, तिच्यामागून आणखी लेकरे आली. सत्यभामाबाईंच्या छपरीत जुन्या लुगड्यांच्या झोळ्या लोंबू लागल्या. सकाळी बाया लेकरू सोपवून जात आणि संध्याकाळी पायांवर वाळलेला चिखल घेऊन धावत येत. रोवणी संपली तरी लेकरे येतच राहिली. निंदणीला, कापणीला, मळणीला बायांचे हात मोकळे झाले होते.

दोनेक वर्षांनी ग्रामसेवक घरी आले. माणूस भला होता. बोलायला त्यांना जड गेले.

"बाई, एक-दोन लेकरं सांभाळनं येगळं," ते म्हणाले. "एवढी लेकरं रोज घरी ठेवाची म्हंजे ते शाळेसारखं झालं. हे घर राहाच्या जागेत आहे. ग्रामपंचायतीची परवानगी लागन, शेजाऱ्याची हरकत नाई पाह्यजे, आन् साहेब येऊन जागा पाहतीन. तक्रार आली आहे, म्हणून सांगाले आलो."

तक्रार कोणाची, हे विचारायची गरज नव्हती. गल्ली जिथे मोठ्या रोडला मिळते, तिथे भैय्याजींचे सायकलचे आणि पंक्चरचे दुकान होते. ते भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. सत्यभामाबाई सरळ त्यांच्याकडे गेल्या. दुकान अंगणासमोरच असल्यामुळे चिंचेखालून मला सगळे ऐकू येत होते.

"भाऊजी, लेकराइनं तुमचं काय बिघडवलं?"

"लेकरं काई बिघडवत नाई, वयनी. रोड बिघडवते." भैय्याजी हातातल्या ट्यूबकडे पाहत बोलत होते. "हे गल्ली सीधी रोडावर निंगते. एखादं लेकरू निंगालं, तं कोन पाह्यन?"

भैय्याजी असे का बोलतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते. फार वर्षांपूर्वी भैय्याजींचा सोपान नावाचा मुलगा खेळता खेळता याच गल्लीतून रोडवर गेला होता. तो परत आला नाही. तेव्हापासून भैय्याजी आणि शकुनबाई दोघेच त्या घरात राहत होते.

रोडकडची बाजू बंद असली पाहिजे, असे ग्रामसेवकांनी सांगितले होते. म्हणून पुंडलिकरावांनी गोमाजी वाढयाला, म्हणजे सुताराला, बोलावले. गोमाजीने मला उलटेसुलटे करून पाहिले, बोटाने ठोकले आणि म्हणाला, "सागवान आहे, पुंडलिकराव. याले मरन नाई." मग त्याने मला मोकळे केले, कापले, रंधा मारून गुळगुळीत केले आणि माझे फाटक केले. अंगणाच्या तोंडाशी मला उभे केले तेव्हा लेकरे टाळ्या वाजवत माझ्याभोवती जमली. गाडी असताना माझ्याकडे पाहून कोणी टाळी वाजवली नव्हती. मला फार अभिमान वाटला. माझी खिटी लाकडाची होती. ती वर उचलली की मी उघडत असे.

साहेब आले तो दिवस उघडिपीचा होता. सत्यभामाबाईंनी अंगण सारवून ठेवले होते. साहेबांनी छपरी पाहिली, झोळ्यांच्या दोऱ्या ओढून पाहिल्या, पाण्याच्या रांजणावरचे झाकण उचलून पाहिले. चूल लेकरांपासून लांब आहे ना, हे विचारले. सगळे ठीक होते. ते ग्रामसेवकांशी बोलत आत उभे राहिले.

तेवढ्यात चंद्रकला माझ्याजवळ आली. ती आता चांगली चालू लागली होती, आणि साहेबांची जीप तिला जवळून पाहायची होती. ती माझ्या खालच्या पट्टीवर चढली. पट्ट्यांच्या फटीतून तिने हात घातला आणि खिटी उचलली. मित्रांनो, मी लाकूड. मला ओरडता आले नाही, तिचा झगा धरून ठेवता आला नाही. तिच्या भाराने मी अलगद उघडले, जणू तिला वाटच करून दिली. ती जीपला वळसा घालून पुढे गेली, कारण पुढे त्याहून मोठी गाडी भोंगा वाजवत येत होती.

आतल्या माणसांना तो भोंगा ऐकू आला. तेवढ्यात चाकांचा कर्कश आवाजही आला. सत्यभामाबाई धावत माझ्यापाशी आल्या आणि तिथेच थांबल्या.

भैय्याजी रोडच्या कडेला गुडघ्यांवर बसले होते. त्यांच्या मिठीत चंद्रकला होती. ट्रक पुढे जाऊन उभा राहिला होता. ती रडत नव्हती. भैय्याजींच्या बनियनवरचा ग्रीसचा डाग बोटाने पुसून पाहत होती. ते बराच वेळ उठले नाहीत. मग तिला घेऊन आले, बाहेरूनच हात पुढे करून तिला सत्यभामाबाईंकडे दिले आणि दुकानात गेले.

साहेबांनी परवानगी दिली नाही. ते रागावले नव्हते. "बाई, तुमचं काम चांगलं आहे," ते म्हणाले. "पण आज मी हो म्हटलं आणि उद्या काही झालं, तर ते माझ्या मनातून जायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून लेकरे पुन्हा धुऱ्यावर गेली. रिकाम्या झोळ्या वाऱ्याने हलत. सत्यभामाबाई दिवसभर अंगणात येत, काही काम नसताना झाडत आणि आत जात. मी माझ्या बिजागऱ्यांवर उभे होते, पण कोणाला अडवायचे आणि कोणाला आत घ्यायचे, काहीच उरले नव्हते.

मग एका दुपारी शकुनबाई नवऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन दुकानात आल्या. डबा ठेवून त्या माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

"लेकरं गेले," त्या म्हणाल्या. "आता बरं वाटून राहिलं काय तुमाले?"

भैय्याजींनी डबा उघडला नाही. "लेकरं जावं म्हणून मी बोललो नोतो. रोड जावं म्हणून बोललो. रोड तं हटत नाई. मंग लेकराइले हटवलं."

"आन् ते आता कुठं आहेत, मालूम हाय? बांधीच्या पान्याजवळ."

शकुनबाई घरी गेल्या. भैय्याजींनी थोडे खाल्ले, हात धुतले, आणि हत्यारांची पेटी उचलून माझ्याजवळ आले. मी घाबरले. वाटले, आता हे मला उखडून टाकणार. त्यांनी खाली बसून, सोपान केवढा होता हे आठवत असावेत तसा जमिनीपासून हात वर धरला. मग हात आणखी वर नेला. तिथे खडूने खूण केली.

भंगारात एका ट्रकच्या मागच्या फाळक्याची जाड लोखंडी कडी पडली होती. ती त्यांनी माझ्या बाहेरच्या अंगाला, खुणेच्याही वर बसवली. खालच्या आडव्या पट्ट्या, ज्यांवर पाय देऊन चढता येत होते, त्या काढून उभ्या ठोकल्या, अगदी जवळ जवळ. मग साखळीला एक जुने लोखंड बांधून मागे असे टांगले, की मला कोणी उघडे टाकून गेले तरी मी आपोआप लागावे. आवाज ऐकून सत्यभामाबाई बाहेर आल्या.

"भाऊजी, हे काय करून राहिले तुमी?"

"चंद्रकलाले आना," ते म्हणाले. "तिच्याच्यानं उघडते काय, पाहू."

रुखमा लेकीला घेऊन आली. चंद्रकलाने मला ढकलले, ओढले, फटीतून हात घालायचा प्रयत्न केला, पाय टेकायला जागा शोधली. काहीच जमेना तेव्हा ती खाली बसून भोकाड पसरून रडली. तिच्या रडण्याने सगळे हसू लागले. भैय्याजीही हसले. शकुनबाई भिंतीपलीकडून पाहत होत्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला.

हरकत नाही, हे सांगायला भैय्याजी स्वतः ग्रामपंचायतीत गेले. साहेब पुन्हा आले. या वेळी ते आधी माझ्याकडे आले. आत उभे राहून त्यांनी मला उघडायचा प्रयत्न केला. कडी बाहेर आहे हे त्यांच्या लक्षात येईना. "हे उघडतं कसं?" त्यांनी विचारले. भैय्याजी दुकानातून म्हणाले, "मोठा मानूस असन तं वरून हात टाकते, साहेब." साहेबांनी वरून हात टाकला, कडी उचलली आणि मान डोलावली. परवानगी मिळाली. लेकरे किती ठेवायची, किती वाजेपर्यंत ठेवायची, रात्री कोणाला ठेवायचे नाही, अशा अटी होत्या. त्यांत फाटक नेहमी लावलेले असावे, हीही एक होती. सरकारदरबारी माझा उल्लेख झाला, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू.

ती माझी सुखाची वर्षे. लेकरांनी मला चाटले, चावले, माझ्या फटींतून गाजराचे तुकडे बाहेर टाकले. नवी आई लेकरू सोडून निघाली की लेकरू माझ्या पट्ट्या धरून रडे, आणि त्याचे ओले गाल मला लागत. संध्याकाळी तेच लेकरू पट्ट्यांतून आईला दुरून ओळखी. त्या वेळी ते जे हसे, ते सर्वांत आधी मी पाहिले आहे.

भैय्याजी मात्र बाहेरच उभे राहत. कडी नीट आहे का पाहायचे आणि माझ्यावरूनच लेकरांशी बोलायचे. एकदा सत्यभामाबाईंनी विचारले, "भाऊजी, आत काहून येत नाई?" ते म्हणाले, "हाताले ग्रीस आहे." सत्यभामाबाईंनी एक किरकिरणारे लेकरू उचलले आणि माझ्यावरून त्यांच्या खांद्यावर ठेवले. ते तिथेच झोपी गेले. आता झोपलेल्या लेकराला घेऊन माणूस उन्हात किती वेळ उभा राहणार? भैय्याजींनी कडी उचलली आणि पहिल्यांदा आत आले. त्या दिवशी दुकान दुपारभर तसेच राहिले. नंतर ते रोज येऊ लागले.

पुढे सरकारी अंगणवाडी निघाली. तलावाच्या पाळीजवळ तिला पक्की खोली मिळाली. शिकलेली सेविका आली, सत्यभामाबाई तिथे मदतनीस झाल्या, आणि घरच्या परवानगीची गरज उरली नाही. खोली पाहायला नवे साहेब आले, तेव्हा सत्यभामाबाईंनी विचारले, "साहेब, फाटक?"

साहेबांनी कागद चाळले. "मंजुरीत फाटक नाही, बाई. इमारत पास झालेली आहे."

"कागदात नसन," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पन तलाव तं आहे ना."

दुसऱ्याच दिवशी भैय्याजींनी मला बिजागऱ्यांवरून उतरवले. त्यांचे केस पांढरे झाले होते. पुंडलिकरावांनी दुसरे टोक धरले, आणि दोघा म्हाताऱ्यांनी मला थांबत थांबत तलावापर्यंत नेले. या वेळी मला कोणत्याही नियमाने मागितले नव्हते. तरीही त्यांनी मला घट्ट बसवले.

आता भैय्याजी नाहीत. सत्यभामाबाईंना दिसत नाही, त्या आसगावला मुलीकडे असतात. माझी कडी गंजून अडकली, म्हणून कोणी मला सुतळीने बांधते, कोणी तसेच उघडे टाकून जाते. मोठी मुले माझ्यावर लटकून झोके घेतात. मी रागावत नाही. फक्त तलावाचे पाणी चढते त्या दिवसांत मला धास्ती वाटते.

मित्रांनो, मला रंग नको की हारफुले नकोत. जमले तर कडीला थोडे तेल घाला. आणि एक करा. कुठल्याही फाटकातून गेलात की मागे वळून ते लावा. तुम्हाला वाटेल, आपल्यामागे तर कोणी नाही. पण लहान लेकरे चालतात तेव्हा त्यांच्या पावलांचा आवाज येत नाही.