खिडकीतली पालथी किटली

मी जुन्नरच्या कागदी आळीतली तांब्याची किटली बोलतेय. आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे. बुडाने तर आहेच, मनानेही आहे.

माझं दुखणं वर्षानुवर्षं घरी समोरच्या फळीवर बसलेलं असायचं, पितळेचं, पोट सुटलेलं. लोक त्याला समोवार म्हणतात, मधल्या नळीत निखारे घालून चहाचं पाणी उकळायचं रशियन भांडं. मी सवत म्हणते.

आमच्या घरचा यासीन कागदी शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांवर चिडून घर सोडून काबूलला गेला. तुर्कस्तानच्या खलिफाची बुडती गादी त्याला वाचवायची होती. पुढे ताश्कंदला त्याने झारचं राज्य मोडून उभे राहिलेले कामगार पाहिले, आणि परतला तो क्रांतीचं स्वप्न नि हा समोवार घेऊन. बायकोला, हाजराला, साधी बांगडी आणली नाही.

पहिल्याच बैठकीत, यासीन नमाजाला गेलेला असताना, मित्रांनी हौसेने निखाऱ्याच्या नळीत पाणी ओतलं आणि पाण्याच्या पोटात निखारे भरले. घरभर धूर झाला, तोटी गळून पडली. त्या दिवसापासून क्रांतीचा सगळा चहा मी उकळला, आणि कौतुक मात्र त्या ठोंब्याचं.

माझं खरं काम तर कुणी पाहिलंच नाही. भीमाशंकराकडचा जानकू बाजारात हिरडा विकायचा आणि जाताना रिकाम्या गोणीत सरकारविरुद्धची पत्रकं न्यायचा. आळीत पोलीस आले की हाजरा मला खिडकीत पालथी ठेवी. झडती झाली त्या दिवशीही ठेवली. यासीनला धरून नेलं. जानकू मला पाहून तसाच पुढे निघून गेला.

परवा राजुरीच्या वाचनालयातले सुभाषराव प्रदर्शनासाठी समोवार न्यायला आले. यासीनची पणती नसरीन त्याला आठवडाभर चिंचेने घासत होती. मला तिने धुऊन खिडकीत पालथी टाकली होती. सुभाषराव पायरीपाशीच थांबले. तिने बोलावलं तरी आत येईनात.

"ती किटली आदी सरळ करा, ताई," ते म्हणाले. "आमचा आजा जानकू सांगायचा, कागद्याच्या खिडकीत किटली पालथी दिसली की पायरी चढायची न्हाई. तिच्यामुळंच जेलातनं वाचलो, म्हणायचा."

नसरीनने मला दोन्ही हातांनी उचललं. तिचे डोळे भरले होते. समोवाराकडे कुणी बघतही नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं.

आता आम्ही दोघं प्रदर्शनात शेजारी आहोत. त्याच्याखाली मखमल, माझ्याखाली वर्तमानपत्र. जळते मी अजून. पण मखमल राहू दे त्यालाच. मला फक्त सरळ ठेवा. न जाणो, दाराबाहेर कुणी खोळंबलं असेल.